मे महिन्यात कुलर, जुलैत बुरशी : कासवाच्या पेटीत दमटपणा नेमका किती हवा?

अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर वाशिमच्या अलीकडे एक स्टेशन लागतं, जऊळका. मालेगाव तालुक्यातलं हे गाव. मे महिन्याच्या शेवटी, नवतपा सुरू असताना इथं दुपारी बाहेर पडायची कुणाची हिंमत होत नाही. हवा इतकी कोरडी की दोरीवरचं धोतर तासाभरात कडक होतं, ओठ फुटतात, माठातलं पाणी मात्र गारेगार.

तेच जऊळका जुलैत बघा. दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी येते आणि मे महिन्यात जीव वाचवणारा कुलर कितीही फिरवा, अंग चिकट ते चिकटच.

माणसाला हा बदल सोसवतो, कारण तो जागा बदलू शकतो. खोलीच्या कोपऱ्यात, काचेच्या नाहीतर लाकडाच्या पेटीत ठेवलेल्या कासवाला ती सोय नसते. पेटीतली हवा जशी असेल तशी त्याला चोवीस तास सोसावी लागते. पाळीव कासवांच्या पाठीवर येणारे उंचवटे, नाकातून येणारं पाणी, पोटाखाली सडणारं कवच अशा बऱ्याच दुखण्यांचं मूळ खाण्यापेक्षा हवेतल्या ओलाव्यात सापडतं.

हा ओलावा किती असावा, तो मोजायचा कसा आणि विदर्भाच्या हवेत सांभाळायचा कसा, हे समजून घेऊ. पण त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट.

आधी कायदा : कुठलं कासव घरात ठेवता येतं?

मराठीत जमिनीवरचं काय आणि पाण्यातलं काय, दोघांनाही आपण कासवच म्हणतो. इंग्रजीत मात्र जमिनीवरच्याला टॉर्टॉइज म्हणतात. घुमटासारखी उंच पाठ आणि हत्तीच्या पायासारखे जाड पाय असले की ते जमिनीवरचं. पाठ चपटी आणि बोटांमध्ये पडदा असला की ते पाण्यातलं.

भारतात जमिनीवरचं कासव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर येतं ते स्टार कासव. काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलं. दिसायला देखणं, आकाराने लहान, आवाज नाही, वास नाही. म्हणूनच ते जगात सर्वाधिक तस्करी होणाऱ्या कासवांपैकी एक आहे. २०१८ साली सिंगापूरहून अशी ५१ कासवं भारतात परत आणून कर्नाटकच्या वन विभागाच्या ताब्यात देण्यात आली होती. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात स्टार कासवाचं नाव गेलं. म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंदी आली.

देशातही तसंच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आलं. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. असं कासव घरात ठेवलं तर किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. "आम्ही विकत घेतलं नाही, शेतात सापडलं", "घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते म्हणून ठेवलंय", ही कारणं कायद्यापुढे चालत नाहीत. विदर्भातल्या विहिरीत, नाल्यात दिसणारं चपट्या पाठीचं गोड्या पाण्यातलं कासवही याच अनुसूचीत आहे. अमुक इतक्या नखांचं कासव पैसा ओढतं, या अंधश्रद्धेपायी त्याचाही व्यापार होतो आणि त्यात पकडले जाणारे लोक तुरुंगात जातात.

मग दमटपणाची ही माहिती कुणासाठी? तिघांसाठी. एक, ज्यांच्याकडे आफ्रिकेतल्या सुलकाटासारखं परदेशी कासव आहे. अशा प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. दोन, जखमी किंवा जप्त केलेली कासवं सांभाळणारी उपचार केंद्रं आणि स्वयंसेवक. आणि तीन, ज्यांना एखादं कासव अचानक सापडतं आणि वन विभागाचा माणूस येईपर्यंतचे काही तास त्याला सांभाळायचं असतं.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय?

हवामानाच्या बातमीत "आर्द्रता ८५ टक्के" असं ऐकू येतं. याचा अर्थ हवेत ८५ टक्के पाणी आहे असा नाही. त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरून ठेवू शकते, त्याच्या ८५ टक्के वाफ तिच्यात आहे, असा त्याचा अर्थ.

हवेला एक भांडं समजा. हवा तापली की भांडं मोठं होतं, गार झाली की लहान. १५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा साधारण १३ ग्रॅम वाफ धरते. ३० अंशाला ती ३० ग्रॅम धरते. ४२ अंशाला तर ५६ ग्रॅमच्या आसपास.

आता मे महिन्यातली दुपार घ्या. समजा पारा ४२ वर आहे आणि आर्द्रता १५ टक्के. म्हणजे एका घनमीटर हवेत वाफ आहे जेमतेम साडेआठ ग्रॅम. हीच हवा पहाटे २६ अंशांवर आली की भांडं लहान होतं आणि त्याच साडेआठ ग्रॅम वाफेची आर्द्रता ३५ टक्के दिसू लागते. पाण्याचा एक थेंबही वाढलेला नाही, आकडा मात्र दुपटीच्या वर गेला.

कासव पाळणाऱ्याला हे गणित थंडीत सगळ्यात जास्त नडतं. जानेवारीत खोलीत १५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता आहे. कासवाला गारठा लागतो म्हणून पेटीत दिवा लावला आणि आतली हवा ३० अंशांपर्यंत तापवली. वाफ तेवढीच, भांडं मात्र दुपटीहून मोठं. आतली आर्द्रता २१ टक्क्यांवर येते. मे महिन्यातल्या दुपारपेक्षा थोडीच बरी. मालक खूश असतो की कासव उबेत आहे. प्रत्यक्षात ते वाळत असतं.

कोरड्या रानातल्या प्राण्याला ओलावा कशाला?

इथं कुणालाही प्रश्न पडेल. स्टार कासव काटेरी झुडपांच्या, कमी पावसाच्या रानात राहतं. सुलकाटा तर सहारा वाळवंटाच्या कडेचं. मग त्यांना कोरडी हवाच मानवायला हवी ना?

गंमत अशी आहे की कोरड्या रानात राहणारं कासव कोरड्या हवेत राहत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी ते उघड्यावर नसतंच. गवताच्या झुबक्यात, पालापाचोळ्याखाली, झुडपाच्या मुळाशी किंवा एखाद्या बिळात ते शांत पडून असतं. सुलकाटा स्वतःच खोल बीळ खणतो. जमिनीच्या पोटातली हवा वरच्यापेक्षा गार आणि ओलसर असते. घराबाहेर ४२ अंश असताना मातीच्या जुन्या घरात शिरल्यावर जो फरक जाणवतो, तसाच. स्टार कासवाची खरी धावपळ सुरू होते ती पाऊस पडल्यावर.

म्हणजे निसर्गात त्याला निवड असते. आज ऊन हवं, उद्या ओली माती हवी. पेटीत आपण ती निवडच काढून घेतो.

पाठीवरचे डोंगर कशामुळे येतात?

कासवाचं कवच म्हणजे वरून चढवलेली टोपी नव्हे. आत हाडांचे तुकडे एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांवर आपल्या नखासारख्या पदार्थाचा, म्हणजे केरॅटिनचा थर असतो. हा थर चौकोनी-षटकोनी तुकड्यांचा बनलेला असतो. कासव वाढतं तसं प्रत्येक तुकड्याच्या कडेला नवं, मऊ केरॅटिन तयार होतं.

पेटीत वाढलेल्या अनेक कासवांचे हे तुकडे सपाट न राहता मधोमध वर उचलले जातात. पाठीवर लहान लहान पिरॅमिड उभे राहिल्यासारखं दिसतं. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की जास्त प्रथिनं खाऊ घातल्याने असं होतं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी सुलकाटाच्या ५० पिल्लांना पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या आहारावर वाढवलं. २००३ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंच उंचवटे आले, ४५ ते ९९ टक्के आर्द्रतेत वाढलेल्यांची पाठ तुलनेने गुळगुळीत राहिली. प्रथिनांचा परिणाम होता, पण किरकोळ.

नवं मऊ केरॅटिन कोरड्या हवेत लवकर वाळतं, आक्रसतं आणि वाढीला वरच्या दिशेने ढकलतं, असं यामागचं कारण सांगितलं जातं. एकदा आलेला उंचवटा परत बसत नाही. ओलावा सुधारला तर पुढची वाढ नीट होते, इतकंच. म्हणून पिल्लाची पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात महत्त्वाची.

स्टार कासवाच्या बाबतीत मात्र एक खबरदारी. त्याची पाठ रानातही थोडी उंचसखल असतेच. त्यामुळे प्रत्येक उंचवटा हा हलगर्जीपणाचाच पुरावा, असं नाही.

कोरड्या हवेचा दुसरा फटका दिसत नाही. कासव लघवीवाटे युरिक आम्ल बाहेर टाकतं, ते पांढऱ्या पातळ पेस्टसारखं दिसतं. शरीरात पाणी कमी पडलं की ही पेस्ट खडूच्या चुऱ्यासारखी रवाळ होते. तसंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडे होतात, मूत्रपिंडं बिघडतात. पेटी साफ करताना हा पांढरा भाग बोटांनी चोळून बघितला तरी कासवाला पाणी पुरतंय की नाही याचा अंदाज येतो. नंतर हात साबणाने धुवायचे, कारण कासवांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

मग किती टक्के हवा?

साधारण हिशेब असा. स्टार आणि सुलकाटाच्या पिल्लांना ७० ते ८० टक्के. वाढलेल्यांना ५० ते ६० टक्के आणि त्याशिवाय एक ओलसर लपण्याची जागा. पेटीचा एक कोपरा दिव्याखाली ३५ अंशांच्या आसपास, दुसरा २६-२७ अंशांचा, म्हणजे कासव आपली जागा निवडू शकतं.

पण नुसता आकडा गाठून भागत नाही. चार अवस्था लक्षात ठेवायच्या. उबदार आणि दमट, चालतं. उबदार आणि कोरडं, थोडा वेळ चालतं, कायम नाही. गार आणि कोरडं, नको. आणि गार आणि ओलं, सगळ्यात वाईट. कासवाला आपल्यासारखा छातीचा पडदा नसतो, त्याला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. गारठ्यात ओली हवा मिळाली की फुप्फुसात संसर्ग होतो आणि तो तिथंच साचतो. म्हणून थंडीत दिवा गेला, लाइट गेली, तर पाणी फवारायचं नाही. आधी ऊब, मग ओलावा.

मोजायचं कशाने?

डिजिटल आर्द्रतामापक ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. तो पेटीच्या झाकणाला चिकटवला तर झाकणाजवळची हवा कळते, कासवाची नाही. कासव जमिनीपासून दोन-तीन इंचांवर श्वास घेतं, मापक तिथंच हवा. शक्यतो दोन असावेत, एक उबदार कोपऱ्यात आणि एक गार कोपऱ्यात.

स्वस्त मापक पाच-दहा टक्के चुकू शकतो. तो तपासायची घरगुती युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करायचं. हे झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात किंवा पिशवीत आठ-दहा तास ठेवायचे. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ६९ दाखवत असेल, तर तो ६ ने कमी दाखवतो. पुढे प्रत्येक वेळी ६ मिळवायचे, झालं.

उन्हाळ्यातला बंदोबस्त

विदर्भातल्या माणसाला बाष्पीभवनाचं शास्त्र शिकवायला नको, तो दर मार्चमध्ये कुलरच्या ताट्या बदलतो. कोरडी हवा ओल्या ताटीतून गेली की पाणी उडतं, हवा गार होते आणि दमटही. म्हणजे कुलर चालू असलेल्या खोलीत आर्द्रता आपोआप वाढलेली असते. अडचण फक्त झोताची. कुलरचा झोत थेट पेटीवर आला तर कासवाला सतत वारा लागतो. पेटी झोताच्या बाजूला, आडोशाला ठेवावी.

वरून जाळी असलेल्या पेटीतली वाफ झपाट्याने उडून जाते. जाळीचा दोन तृतीयांश भाग प्लायवूड किंवा जाड प्लास्टिकने झाकला, तरी मोठा फरक पडतो. दिव्याजवळचा भाग मात्र उघडा ठेवायचा, नाहीतर आग लागण्याची भीती.

खाली काय अंथरायचं? वर्तमानपत्र आणि फरशी दोन्ही ओलावा धरत नाहीत. आपली काळी माती ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे ती एकटी नको. रोपवाटिकेत मिळणारं कोकोपीट आणि खत-औषध नसलेली माती निम्मी निम्मी मिसळून तीन-चार इंचांचा थर द्यायचा. पाणी कोपऱ्यातून हळू ओतायचं, म्हणजे तळ ओला आणि वरचा थर कोरडसर राहतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. तेवढी ओल पुरे.

लपण्याच्या जागेसाठी महागडं काही लागत नाही. फुटका माठ आडवा ठेवायचा, धारदार कडा घासून घ्यायच्या आणि आत ओलसर कोकोपीट भरायचं. माठाचं मातीचं अंग पाणी शोषून घेतं आणि हळूहळू सोडतं. बाहेर ४० टक्के असले तरी आत ७० ते ८० टक्के टिकतात. कासवाला वाटेल तेव्हा ते आत जातं. रानातल्या बिळाची ही घरगुती आवृत्ती.

शिवाय पिल्लांना रोज आणि मोठ्यांना आठवड्यातून दोनदा, कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवायचं. पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच. बाहेर काढल्यावर अंग पुसून घ्यायचं.

पावसाळ्यात उलट काळजी

जून संपता संपता सगळं उलटं होतं. २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत साधारण २२ ग्रॅम वाफ असते, मे महिन्यातल्या दुपारच्या अडीच पट. हवाच भरलेली असल्याने कुलरच्या ताटीवरचं पाणी उडत नाही, म्हणून जुलैत कुलर निकामी होतो. त्याच कारणाने पेटीतली मातीही वाळत नाही.

तेव्हा फवारणी बंद. झाकण उघडं. वरचा थर दिवसाआड उलथापालथा करायचा, बुरशी दिसली की तेवढा भाग काढून टाकायचा. महिन्यातून एकदा सगळं अंथरूण बदलायचं. सतत ओल्या जमिनीवर बसलेल्या कासवाच्या पोटाकडचं कवच मऊ पडतं, त्यावर लालसर किंवा पांढुरके डाग येतात, दुर्गंधी येते. आठवड्यातून एकदा कासव उचलून पोटाची बाजू बघायची सवय ठेवली तर हे वेळीच कळतं.

नाकातून पाणी किंवा बुडबुडे, तोंड उघडून किंवा मान ताणून श्वास घेणं, डोळे मिटून सुस्त पडणं, ही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नये. ऊब द्यावी आणि पशुवैद्यकाकडे न्यावं.

आणि कासव अचानक सापडलं तर?

आता सगळ्यात जास्त घडणारा प्रसंग. समजा जऊळक्याजवळच्या शेतात किंवा रस्त्यावर कासव सापडलं, किंवा कुणी हौसेने आणून दिलं.

पाण्यातलं धडधाकट कासव पावसाळ्यात रस्ता ओलांडत असेल, तर ते ज्या दिशेने चाललं होतं त्याच बाजूला रस्त्याकडेला सोडून द्यावं. घरी आणू नये.

जखमी असेल, किंवा स्टार कासव असेल, तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. कायद्यानुसार असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वन अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तोवर त्याला बादलीभर पाण्यात टाकू नये, जमिनीवरचं कासव पोहू शकत नाही, ते बुडून मरतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, तळाशी ओलं करून पिळलेलं गोणपाट अंथरून, सावलीत आणि शांत जागी ठेवावं. दूध, पोळी, बिस्किट काही देऊ नये. फोटो काढून ठिकाणासकट समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण तस्करही तेच बघत असतात.

बाजारातून हौसेने आणलेलं लाल पट्टीचं परदेशी पाण्यातलं कासव नकोसं झालं म्हणून गावच्या तळ्यात सोडण्याची चूकही करू नये. जगातल्या सगळ्यात घातक १०० परक्या आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते स्थानिक कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं.

कासव पाळायचा विचार मनात असेल, तर निर्णयाआधी हे गणित मांडून बघायला हरकत नाही. सुलकाटा अर्धशतक जगू शकतो आणि पन्नास किलोंच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे पन्नास उन्हाळे, पन्नास पावसाळे आणि प्रत्येक ऋतूत मापकाकडे बघून माती, माठ आणि दिवा यांची नव्याने मांडणी. हे जमणार नसेल, तर कासव रानातच बरं. आणि कासव स्टार असेल, तर जमण्या न जमण्याचा प्रश्नच नाही, १९२६ हाच एक रस्ता आहे.